वाचकांचे प्रश्न : मुलांना कुठे सुरक्षित वाटतं, हे त्यांच्या फोटोतून कसं वाचायचं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मुलांना "तुला सुरक्षित कुठे वाटतं" असं तोंडी विचारलं की ती मूल्यशिक्षणाच्या तासाला द्यायचं ते उत्तर देतात, पण हातात मोबाईल देऊन "फोटो काढून दाखव" म्हटलं की वेगळंच काहीतरी बाहेर येतं. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं, काहींनी तर लगेच शाळेत आणि सोसायटीत करूनही पाहिलं आणि आता "पुढे काय" असं विचारतायत. त्यातले काही प्रश्न इथे घेतेय. मुलांचा विषय आहे म्हणून कोणाचंच नाव देत नाहीये, गावंही मोघमच ठेवलीयत.

ताई नमस्कार, मी नाशिक जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत सातवी-आठवीला शिकवते. तुमचं वाचून मुलांना सांगितलं की सुरक्षित वाटतं आणि वाटत नाही अशा जागांचे फोटो काढा. जवळजवळ सगळ्यांनी तेच काढलं, देऊळ, पोलीस चौकी, आई, हेल्मेट. असुरक्षितमध्ये विहीर, डीपी, हायवे. एका मुलीने मात्र शाळेच्या बाथरूमच्या दाराचा फोटो काढलाय, आतून. कडी तुटलेली आहे आणि तिथे एक सुतळी खिळ्याला गुंडाळलीय. मला काय बोलावं सुचेना. सरांना दाखवू का? आणि बाकीच्यांकडून खरं कसं काढून घ्यायचं?

आधी त्या सुतळीबद्दल बोलू, कारण तुमच्या सगळ्या उपक्रमाचं सार्थक त्या एका फोटोत झालंय. ती सुतळी रोज कोणीतरी गुंडाळतंय. म्हणजे शाळेतल्या प्रत्येक मुलीला माहितीये किती वेढे द्यायचे, दार किती ओढून धरायचं, बाहेर कोणाला उभं करायचं, आणि एकाही मोठ्या माणसाला हे माहीत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, त्यात मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह सक्तीचं आहे आणि तुमच्या शाळेच्या अहवालात त्या रकान्यात बरोबरची खूण असणारच, पण कडी लागते का हे वाकून बघायला कोण जातंय. कडी नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, पाळीच्या दिवसांत घरीच थांबतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच मला सांगाल.

सरांना दाखवायचं का, तर हो, पण आधी तिला विचारून. "हा फोटो मी सरांना दाखवू का, तुझं नाव सांगू की नको" एवढं सरळ विचारा आणि ती नको म्हणाली तर नाव नको. सरांपुढे जाताना "अमकीने तक्रार केलीय" असं करू नका, "मुलींच्या बाथरूमला कडी नाहीये, हा फोटो बघा" इतकंच. हार्डवेअरच्या दुकानात कडी मिळते, त्याला निधीची वाट बघायची गरज नाही, शाळा व्यवस्थापन समितीत आया असतात, त्यांच्यापैकी कोणाच्या कानावर घाला, आठवड्यात बसेल. आणि बसली की त्याच मुलीला परत तिथला फोटो काढायला सांगा. हे शेवटचं मी फार कळकळीने सांगतेय, कारण मुलांनी दाखवलं आणि काहीच झालं नाही तर पुढच्या वेळी तुम्हाला पुन्हा देऊळ आणि हेल्मेटच मिळणार.

आता बाकीचे फोटो. मुलं खोटं बोलत नाहीयेत, बाईंना काय आवडेल ते देतायत. "सुरक्षित" हा शब्दच काढून टाका. त्याऐवजी असं विचारून बघा: जिथून तू पळत जातेस ती जागा. जिथे तू एकटा बसतोस आणि कोणी ओरडत नाही ती जागा. जिथे जायला तुला सोबत लागते. रडू आलं की कुठे जातेस. मग बघा काय येतं ते. माझ्याकडे एका मुलाने गावातल्या रिकाम्या सिमेंटच्या पाईपाचा फोटो आणला होता, आम्हा मोठ्यांना वाटलं धोक्याची जागा दाखवतोय, तो म्हणाला नाही, ही माझी चांगली जागा आहे, इथे मला कोणी अभ्यासाचं विचारत नाही. आम्ही विचारलं नसतं तर तो फोटो आम्ही खुशाल उलट्या बाजूला चिकटवला असता! म्हणून फोटोवर आपण अर्थ लावायचा नाही, ज्याने काढला त्यालाच बोलू द्यायचं.

अजून एक करा, एकच जागा दोनदा काढायला सांगा, शाळा सुटताना आणि दिवेलागणीला. उजेड, आजूबाजूला माणसं आहेत का, कोणाच्या खिडकीतून दिसतं का, पायवाट धड आहे का, एवढं बघितलं तरी मुलं भडाभडा बोलायला लागतात. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेलं सेफ्टीपिन नावाचं ॲप शहरातले रस्ते साधारण याच गोष्टींवर तपासतं आणि त्यात शेवटी "तुला इथे कसं वाटतं" हाही एक मुद्दा असतो, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि ही सगळी पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही हं. १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले आणि म्हटलं, तुमचं रोजचं जगणं तुम्हीच दाखवा. त्या फोटोंवरून आणि त्यामागच्या बायकांच्या बोलण्यातून लहान मुलांना सांभाळायची सोय, सुईणींचा प्रश्न, मुलींचं शिक्षण असे विषय थेट अधिकाऱ्यांसमोर गेले. त्याला फोटोव्हॉइस म्हणतात आणि आता जगभर मुलांबरोबरही ते करतात. त्यात फोटो समोर ठेवून पाच प्रश्न विचारायचे असतात, इथे काय दिसतंय, खरं काय चाललंय, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असं का आहे, आणि आपण काय करू शकतो. तुमच्या वर्गात हे पाच प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा, बाकी भाषण नको.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की शाळेत सीसीटीव्ही आहेत त्यामुळे तसं सुरक्षित आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत दोन चिमुकल्यांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं आणि लोक रुळांवर उतरले, त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती हे सगळं पुन्हा बजावलं, आणि ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण भिंतीवरच्या कॅमेऱ्याला बाथरूमच्या आतली सुतळी दिसत नाही, आणि तिथे तो लावायचाही नसतो. ते फक्त त्या मुलीलाच दाखवता आलं.

ताई, आम्ही ठाण्यात राहतो. सोसायटीच्या गणपतीत मुलांचं फोटो प्रदर्शन होतं, विषय होता "माझी सोसायटी". माझ्या बारा वर्षांच्या मुलीने बेसमेंट पार्किंग, लिफ्ट आणि गेटजवळचा बाक असे तीन फोटो दिले, खाली लिहिलं "इथे मला नको वाटतं". बाकावर नेहमीचे काका लोक बसलेले दिसतायत. कमिटीने तिचे फोटो काढून टाकले, म्हणे सोसायटीची बदनामी होते. ती खूप रडली. घरचे म्हणतात आता तू खाली जाऊच नकोस. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाहीये, पण घरचे जे म्हणतायत ना, "खाली जाऊच नकोस", ते मात्र होऊ देऊ नका प्लीज. तिने काय मागितलं होतं, ती जागा चांगली करा. तिला काय मिळालं, जागा आहे तशीच आणि तिचं खेळणं बंद. मुलींच्या बाबतीत हे इतकं सवयीचं झालंय की आपल्याला ते खटकतही नाही. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी बायकांच्या शहरातल्या वावराचा अभ्यास करून हेच मांडलं होतं, की सुरक्षेच्या नावाखाली शेवटी बायकांनाच घरात ठेवलं जातं, आणि त्यांचं म्हणणं असं की उगाच, काहीही काम नसताना बाहेर रेंगाळता येणं हाही हक्क आहे. बारा वर्षांच्या मुलीला तर तो हवाच, खेळायचं वय आहे तिचं.

आता काकांचं. इथे कमिटीच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी, चेहरे दिसणारा फोटो "नको वाटतं" असं लिहून सगळ्यांसमोर लावला की तो त्या माणसांवर जाहीर आरोप होतो, त्यात कोणीतरी निव्वळ पेपर वाचत बसलेलाही असेल. तेवढा फोटो न लावणं ठीक होतं. पण पार्किंग आणि लिफ्टचे का काढले? पार्किंगमध्ये ट्यूब बंद आहे ही काय बदनामी झाली का? तुम्ही कमिटीला लेखी द्या, भांडणाच्या सुरात नको, तिचे ते दोन फोटो जोडा आणि कुठला दिवा बंद आहे, लिफ्टमधलं इमर्जन्सी बटण चालतं का, एवढंच विचारा. बाकाचा फोटो तिला सकाळी बाक रिकामा असताना पुन्हा काढता येईल, तिच्या उंचीवरून, गेटमधून आत येताना तिला जसा दिसतो तसा. मुलांनी आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो बघितलात तर कळेल की मोठ्या माणसांची फक्त पोटं आणि हात दिसतात त्यांना, बाकावरचे सहा गुडघे ओलांडून जायचं म्हणजे काय ते तेव्हा समजतं.

आणि एक महत्त्वाचं, तिला निवांत विचारा की बाकाजवळ नक्की काय होतं. "कोणी काही केलं का तुला" असं घाबरवून नको. "तिथून जाताना कसं वाटतं, सांग ना" असं. बघत बसतात, काहीतरी बोलतात, की त्याहून पुढचं काही आहे, यात खूप फरक आहे. पुढचं काही असेल तर मग हा प्रदर्शनाचा विषय उरत नाही, त्याबद्दल पुढच्या एका प्रश्नात लिहिलंय ते नक्की वाचा.

हाय ताई, मी पुण्यात बारावीला आहे, सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय. मला सिग्नलवरच्या आणि स्टेशनवरच्या मुलांवर सीरिज करायचीय, त्यांच्यासाठी सेफ्टी म्हणजे काय अशी, कॉम्पिटिशनला पाठवायचीय. काही टिप्स?

तुझा विषय चांगला आहे, मनापासून सांगते. पण तू दुरून झूम लावून काढलेला त्या मुलाचा चेहरा हे त्याचं उत्तर नाही, ते तुला त्याच्याबद्दल जे वाटतं ते आहे. वॉशिंग्टनमध्ये जिम हबर्ड नावाचा फोटोग्राफर बेघर कुटुंबांचे फोटो काढायचा, तिथली मुलं त्याच्या कॅमेऱ्याभोवती गोळा व्हायची, मग १९८९ मध्ये त्याने त्या मुलांनाच कॅमेरे देऊन शिकवायला सुरुवात केली. तुला जमलं तर तसंच कर. पण एकट्याने स्टेशनवर जाऊन नको. तिथे मुलांसोबत रोज काम करणारी एखादी संस्था शोध, त्यांच्या ताई-दादांना आधी भेट, महिनाभर नुसतं जा, कॅमेरा बॅगेत. मग मुलांनी काढलेले फोटो मुलांच्या इच्छेने पुढे जातील, आणि स्पर्धेत नाव कोणाचं लागायचं हा प्रश्न तुलाच पडेल. कायद्याचंही सांगून ठेवते, अशा मुलांना कायद्यात "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल" म्हणतात, आणि चौकशी किंवा केस चालू असताना त्यांची ओळख पटेल असं काहीही छापायला-दाखवायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. तुला कुठून कळणार कोणाची चौकशी चालू आहे?

पण मला तुला दुसरंच विचारायचंय. तुझं काय? तू सतरा-अठराचा आहेस, तुला कुठे सुरक्षित वाटतं? मुलगा आहेस म्हणून तुला हे कोणी विचारलंच नसेल. रात्री अकराला अभ्यासिकेतून रूमवर येताना, क्लासच्या रिझल्टच्या दिवशी, हॉस्टेलच्या त्या एका रूमसमोरून जाताना, फोनवर एखाद्या ग्रुपमधला मेसेज आला की पोटात गोळा येतो तेव्हा. मुलगेही घाबरतात, त्यांनाही त्रास दिला जातो, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलग्यांनाही तेवढाच लागू आहे हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. वेंडी इवॉल्ड ही अमेरिकन फोटोग्राफर १९७० च्या दशकात केंटकीच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांना फोटो काढायला शिकवायची, तेव्हा ती मी, माझ्या घरचे, माझी स्वप्नं असे विषय द्यायची. स्वप्नांचे फोटो मुलं स्वतः रचून काढायची, वाईट स्वप्नांचेसुद्धा. तू तसं करून बघ, मित्रांना घेऊन, भीती रचून काढा. त्यात कोणा अनोळखी मुलाचा चेहरा वापरावा लागत नाही आणि ते काम तुझं स्वतःचं असेल.

मॅडम, मी वस्तीतल्या अभ्यासवर्गात संध्याकाळी शिकवतो. मुलांना घरी मोबाईलवर फोटो काढायला सांगितले होते. एका नऊ वर्षांच्या मुलाचे सगळे फोटो रात्रीचे आहेत, खिळ्याला टांगलेला पट्टा, आतून लावलेलं दार, पांघरुणातून काढलेला अंधार. वर्गात मी काही बोललो नाही. झोप लागत नाहीये. काय करू?

सर, तुम्ही वर्गात बोलला नाहीत ते फार बरं केलंत. ते फोटो भिंतीवर लावू नका, दुसऱ्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, आणि त्याच्या घरी जाऊन वडिलांना जाब विचारू नका, त्याचा राग रात्री त्या पोरावरच निघू शकतो.

पट्टा म्हणजे मार असंच असेल असं धरून चालू नका, पण सोडूनही देऊ नका. इतर मुलं नसताना, पण दार उघडं ठेवून, तुमच्या ओळखीची एखादी बाई किंवा सहकारी नजरेच्या टप्प्यात असताना त्याला म्हणा, "हा फोटो मला सांगशील का?" बस्स, तेवढंच. "पप्पा मारतात का" असं तोंडात घालू नका. तो बोलला तर मधे तोडू नका, तो गप्प बसला तर खोदू नका. "कोणाला सांगू नका हं" म्हणाला तर खोटं वचन देऊ नका, सांगा की तुला मदत होईल अशाच माणसाला सांगेन आणि आधी तुला सांगेन. नंतर लगेच त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख घालून, तुमचा अंदाज त्यात मिसळू नका.

मग १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या हेल्पलाइनला फोन. चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, आता ती सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे, पण नंबर तोच आहे, फुकट आहे, आणि मोठ्या माणसांनीही करायचा असतो. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, पुढचं त्यांच्याकडे जातं. आणि लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय जरी आला तरी पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, "आधी खात्री करून घेतो" असं म्हणत थांबायचं नाही, खात्री करणं त्यांचं काम.

खरं तर हे सगळं उपक्रम सुरू करायच्या आधी ठरवून ठेवायला लागतं, कोणाला फोन करायचा, कोण मुलाजवळ बसेल. मुलांना "तुझी भीती दाखव" म्हटलं की कोणीतरी खरंच दाखवणार, हे धरूनच कॅमेरा द्यायचा. वाचकांपैकी जे कोणी हे करणार आहेत त्या सगळ्यांना हे सांगतेय. आणि सर, त्या मुलाला फोटो काढणं बंद करायला लावू नका. त्याने दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हाला दाखवलंय.

साधा प्रश्न आहे, मोबाईल चालेल का कॅमेराच हवा? आणि फोटो कोणाचे, शाळेचे का मुलांचे? (एक पालक, कोल्हापूर)

मोबाईल मस्त चालतो, जुना, काच तडकलेला असला तरी. फक्त कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा, नाहीतर फोटोच्या फाईलमध्ये घराचा पत्ता जाऊन बसतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते, आणि शाळा तर "क्वालिटी चांगली येते" म्हणून डॉक्युमेंटच मागतात. शिवाय गणवेशावरचं शाळेचं नाव, रिक्षाचा नंबर, दारावरची पाटी हेही बघून घ्या.

फोटो मुलांचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, त्याचं वय किती ते विचारलेलं नाही. शाळेने वार्षिक अंकात किंवा फेसबुकवर टाकायचे असतील तर मुलाला आणि पालकांना दोघांनाही विचारायचं, आणि दोनदा विचारायचं, एकदा फोटो काढण्याआधी आणि एकदा लावायच्या आधी, कारण मधल्या काळात मुलाचं मत बदलू शकतं. बदललं तर फोटो उतरवायचा, कारण विचारत बसायचं नाही.

प्रिंट फोर बाय सिक्स काढा, स्वस्त पडतात. मुलांना फोटोच्या मागे थेट बॉलपेनने लिहू देऊ नका, दाबून लिहिलं की पुढे उमटतं. वहीचा अर्धा कागद मागे चिकटवा आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच बोलीत लिहू द्या, शुद्धलेखन तपासू नका.